शिलेदार आणि बाजारबुणगे

मराठी भाषेत जुन्या लढायांची दोन माणसं अजून जिवंत आहेत. एक शिलेदार आणि दुसरा बाजारबुणगा. निवडणूक आली की पेपरात छापून येतं, अमुक पक्षाचे शिलेदार रिंगणात. क्रिकेटची टीम निघाली की तिचे अकरा शिलेदार. आणि कुणाला नालायक ठरवायचं असलं की, हे बाजारबुणगे काय दिवे लावणार? हा दुसरा शब्द मी आपल्या सभेतसुद्धा ऐकलाय, आपल्याच वक्त्याच्या तोंडून, आपल्याच दुसऱ्या गटाला उद्देशून. टाळ्या पडल्या होत्या.

शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा आणि हत्यारही स्वतःचं. ज्याला सरकारी घोडा मिळायचा तो बारगीर. आणि बुणगे म्हणजे फौजेच्या मागनं चालणारा सगळा लवाजमा. सामान वाहणारे, चारा कापणारे, पाणी भरणारे, दुकानं मांडणारे, बायापोरं. १७६१ साली पानिपतात मराठे हरले ते या बुणग्यांच्या ओझ्यामुळं, असं शाळेच्या मास्तरापासून व्याख्यानमालेच्या वक्त्यापर्यंत जो तो सांगतो. पानिपतावर मराठीत ढीगभर लिहून झालं. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ साली आली, अजून खपते. पण बुणग्याच्या तोंडून सांगितलेलं पानिपत माझ्या वाचनात आलेलं नाही. फौज जेवत होती ते कुणाच्या हातचं, घोडी चरत होती ती कुणी कापलेल्या गवतावर, हे विचारायचं नाही. हरलं की मात्र बुणगे आठवतात.

भाषेनं हा निकाल अडीचशे वर्षांपूर्वी लावून टाकला आणि आपण तो न वाचताच सही करून मोकळे झालो. मला हे सुचलं ते पुस्तक वाचून नव्हे, नगरचं रणगाडा म्युझियम बघताना. म्हणून या लेखात मी त्या म्युझियमचंच परीक्षण करणार आहे, जसं आपण कवितासंग्रहाचं करतो तसं. म्युझियम हाही एक ग्रंथच असतो. त्याला लेखक असतो, संपादक असतो, आणि गाळलेली पानं तर असतातच असतात.

आम्ही चौघे मित्र दोन मोटारसायकलींवर पुण्याहून औरंगाबादला (आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर) निघालो होतो. बाबासाहेबांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन बघायचं, मग वेरूळ. वाटेत नगर लागतं, म्हणजे २०२४ पासूनचं अहिल्यानगर. गावाबाहेर लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं १९९४ साली उघडलेलं हे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. उघड्या मैदानात पन्नासेक रणगाडे आणि चिलखती गाड्या ओळीनं उभ्या. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती मोटार, ब्रिटिशांचे माटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन, अमेरिकेचे स्टुअर्ट आणि शर्मन, जपान्यांचा छोटा हा-गो, आणि १९६५ च्या लढाईत पाकिस्तानकडून मिळालेला पॅटन. आपल्या आवडीचा तो आपला विजयंता.

प्रथम चांगलं ते सांगतो. जागा नीट ठेवलेली आहे. लोखंड गंजू दिलेलं नाही. शत्रूच्या गाडीलाही आपल्या गाडीइतकीच जागा दिलेली आहे, हे मला आवडलं. आणि यंत्र म्हणून ती यंत्रं बघण्यासारखी आहेत यात शंका नाही. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. यंत्रापुढं उभं राहिलं की माझा हात आपोआप त्याच्या कव्हरकडं जातो, आत काय फिरतंय ते बघायला. तिथं सगळं बंद, वेल्डिंग मारलेलं. बरोबरचा एक जण म्हणाला, "हात लावू नको बाबा, मिल्ट्री हाय." आम्ही हसलो.

मग पाट्या वाचायला लागलो. वजन किती, वेग किती, इंजिन किती ताकदीचं, तोफेची नळी किती मिलिमीटर, पत्रा किती जाड. आणि क्रू: पाच, किंवा चार, किंवा तीन. माणूस आला तो एवढाच, आकडा म्हणून, तेलाच्या टाकीच्या शेजारी. शर्मनमध्ये पाच जण असायचे. कमांडर, तोफ डागणारा, गोळा भरणारा, चालवणारा आणि त्याचा जोडीदार. गोळा भरणारा लोडर हा माणूस मला सारखा दिसत राहिला. बंद डब्यात, धुरात, वाकून, एकामागनं एक गोळा उचलून द्यायचा. समोर काय चाललंय ते त्याला धड दिसतही नसणार. त्याचं गाव कुठलं, त्याला पगार किती, त्याच्या कानाचं पुढं काय झालं? पाटी गप्प. मी पाहिलेल्या पाट्यांत पत्र्याची जाडी आहे, कातडीची नाही.

आतल्या दालनात माणसं आहेत, नाही असं नाही. रेजिमेंटांची चिन्हं आहेत, शौर्यपदकं मिळवलेल्यांच्या कहाण्या आहेत. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १९६५ साली पडले. त्याच रेजिमेंटचा अरुण खेत्रपाल १९७१ साली जळत्या रणगाड्यातनं बाहेर न पडता लढत मेला, एकवीस वर्षांचा पोरगा. दोघांना परमवीर चक्र. या माणसांपुढं कुणीही टोपी काढील, आम्हीही काढली. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. माझी तक्रार आहे नावाबद्दल. म्युझियमच्या नावातच सगळं लिहिलंय: कॅव्हलरी. म्हणजे घोडदळ. रणगाडा हा घोड्याचा वारस. आपल्याकडं घोड्यावरनं रणगाड्यावर जाण्याचं काम १९३८ साली सुरू झालं, सिंद हॉर्स ही पहिल्यांपैकी एक. आजही रेजिमेंटांची नावं तीच: हॉर्स, लान्सर्स, कॅव्हलरी. घोडा गेला, पण त्याचा खानदानीपणा पोलादावर चढून बसला.

आणि इंग्रजांच्या घोडदळात भरती कशी होती? शिलेदारी पद्धतीनं. शब्द आपलाच, इंग्रजांनी उचललेला, त्यांच्या उच्चारात 'सिल्लेदार'. भरती होणाऱ्यानं स्वतःचा घोडा आणायचा किंवा त्याचे पैसे रेजिमेंटमध्ये भरायचे. खोगीर, कपडे त्याचेच. सरकार बंदूक आणि काडतुसं देणार. या भरलेल्या रकमेला, म्हणजे त्या जागेला, 'असामी' म्हणायचे. पहिल्या महायुद्धात ही पद्धत मोडून पडली आणि १९२१ च्या फेरबांधणीत बंद झाली. तोवर घोडदळात कोण शिरलं असेल हे सांगायला संशोधक लागत नाही. ज्याच्याकडं जमीन तो. ज्याच्या जातीला घोड्यावर बसायची मुभा तो. ज्यांच्या वराती आज सुद्धा गुजरातेत आणि राजस्थानात पोलीस बंदोबस्तात निघतात, नाहीतर नवरदेवाला घोड्यावरनं खाली ओढतात, त्यांनी घोडा आणून असामी भरायची होती! घोडा विकत घ्यायला पैसे नव्हते हे तर आहेच. पण पैसे असते तरी घोडा मिळाला नसता.

हे वाचताना मला आमच्या धंद्यातली जुनी गोष्ट आठवली. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्याचं सूत संपलं की नवीन कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि महाराच्या ओठांचं सूत सवर्ण कामगाराच्या ओठाला कसं लावायचं? विणाईत पगार जास्त. आम्ही कताईत. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला होता. घोडदळातला घोडा आणि गिरणीतला धोटा, दोन्हींचं काम एकच होतं. चांगल्या पगाराच्या दारावर बसलेला राखणदार. एकाला घोडा म्हणायचे, दुसऱ्याला थुंकी.

यावर आमच्यातल्या फौजीच्या नातवानं मला अडवलं. त्याचे आजोबा महार रेजिमेंटमधनं हवालदार होऊन निवृत्त झालेले. तो म्हणाला, "तू लष्कराला शिव्या देतोस, पण आपल्याला अक्षर कुणी दिलं? लष्करानं." त्याचं म्हणणं खोटं नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैनिकांच्या पोरांना शिकवणं लष्करात सक्तीचं होतं. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत जे मूल जन्मलं, त्याच्या घरात पाटी-पेन्सिल आधीपासून होती ती या शाळेमुळं. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग असा, की मूल धड दोन वर्षांचं होतंय तोवर, १८९२-९३ साली, इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं नवं शास्त्र निघालं होतं. ज्यांनी कंपनीला मुंबई इलाखा जिंकून दिला ते एका हुकुमानं बिनलढाऊ. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेला भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. १९१७ ला युद्धाला माणसं कमी पडली तशी १११ महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडली. मग दुसरं महायुद्ध. बाबासाहेब १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ. तो स्तंभ पुढं बिल्ल्यावरनं गेला, त्या जागी खंजीर आला. याच रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतल्या मोहिमेसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते तमीळ. म्हणजे नाव महार, पण रेजिमेंट आता सर्वांची. जातीच्या नावाचं याहून चांगलं काय होऊ शकतं मला माहीत नाही.

तेव्हा नातवाला मी एवढंच म्हणालो, की आपल्याला दार उघडणारं लष्कर आणि तोंडावर दार आपटणारं लष्कर, ही दोन लष्करं नव्हेत. आणि हे दार फक्त पायदळाचं होतं. घोड्याच्या पागेचं नव्हे. स्वातंत्र्यानंतर उभारलेल्या अनेक रेजिमेंटी सर्व जातींसाठी खुल्या झाल्या, हे खरं. पण राष्ट्रपतींचं जे घोडेस्वार अंगरक्षक दल आहे, त्यात हिंदू जाट, जाट शीख आणि हिंदू राजपूत एवढेच घेतले जातात, हे लष्करानं २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. कारण दिलं कामाच्या गरजेचं, उंची-रूप सारखं दिसावं लागतं म्हणून. २६ जानेवारीला, राज्यघटनेच्या दिवशी, टीव्हीवर ते घोडे बघताना हे आठवत जा.

कोरेगावचा स्तंभ नगरच्याच रस्त्यावर आहे, आम्ही सकाळी तिथं थांबून आलो होतो. म्हणून मनात तुलना सारखी चालू होती. १ जानेवारी १८१८ ची लढाई, कंपनीनं नंतर उभारलेला दगडी खांब, त्यावर पडलेल्या ४९ सैनिकांची नावं, त्यांतली २२ 'नाक' शेवटाची, म्हणजे महारांची. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले तेव्हापासून तो आपला झाला. आमच्यातला कायद्याचा विद्यार्थी मात्र या प्रकरणी कडक आहे. तो आनंद तेलतुंबड्यांच्या बाजूचा. त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये लिहिलं होतं, की ही लढाई महारांनी पेशवाईतल्या जातीच्या जुलमाविरुद्ध लढली असं मानणं हे मिथक आहे, सैनिक ज्याचा पगार खात होते त्याच्यासाठी लढले. आपल्यातले पुष्कळ जण त्यांच्यावर चिडले. १ जानेवारी २०१८ ला तिथं आपल्या लोकांवर दगडफेक झाली, गाड्या जळाल्या. मग एल्गार परिषदेच्या नावानं अटकांचं सत्र. ज्यानं या स्तंभाला मिथक म्हटलं, त्याच माणसाला त्याच प्रकरणात १४ एप्रिल २०२० ला, ऐन भीमजयंतीला, शरण जावं लागलं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात जामीन मिळून तो बाहेर आला. सरकारला वाद कळत नाही, फक्त यादी कळते.

माझं मत दोघांपेक्षा जरा निराळं आहे. लढाई कुणाची होती हा वाद चालू द्या. मी वाचक म्हणून सांगतो. तो खांब कंपनीनं स्वतःच्या फुशारकीसाठी उभारला, त्यात आपल्यावर प्रेम कुठलंही नाही. पण त्यानं साध्या शिपायाची नावं कोरली. सबंध मराठी मुलखात त्या काळी अस्पृश्याचं नाव दगडावर कोरलेलं दुसरीकडं कुठं होतं? देवळाच्या पायरीला त्याचा हात लागू देत नव्हते, नाव कुठनं लावणार. लाखो माणसं दरवर्षी येऊन उभी राहतात ती कंपनीपुढं नव्हे, त्या नावांपुढं. म्हणून तो अर्धवट, लबाड, परक्याचा खांबसुद्धा माझ्या लेखी नगरच्या पन्नास गाड्यांपेक्षा चांगला लिहिलेला मजकूर आहे.

पण कोरेगावच्या खांबावरही एक जात नाही. ती म्हणजे बुणग्यांची. लढून मेला त्याचं नाव, पखाल वाहून मेला त्याचं नाही.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १४ लाख माणसं भरती झाली. त्यांतली साडेपाच लाखांहून अधिक बिनलढाऊ. लष्करी कागदात त्यांना 'फॉलोअर' म्हणत, मागून चालणारे. भिस्ती, धोबी, मोची, न्हावी, आचारी, खेचरवाले, डोलीवाले, हमाल आणि भंगी. बुणगे म्हणा की! यातल्या खालच्या कामांवर कुठल्या जातींची माणसं होती ते तुम्हाला सांगायला नको. मुल्कराज आनंदांच्या १९३५ च्या 'अनटचेबल' कादंबरीतला बाखा आठवा. तो छावणीतल्या शिपायांचे संडास साफ करतो. रणगाड्याच्या शिबिरातसुद्धा माणसं हागत असतीलच ना? म्युझियमला हे घाण वाटेल. पण लढाईचा इतिहास लिहायचा तर पटकीनं किती मेले आणि गोळीनं किती, याचा हिशेब लिहावा लागतो, आणि तो हिशेब बरोबर ठेवण्याचं काम झाडूवाल्याच्या हातात होतं.

एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव सुखा. बरेलीचा, जातीनं भंगी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात ब्रोकनहर्स्ट नावाच्या गावी हिंदी जखमी सैनिकांसाठी इस्पितळ होतं, तिथं तो झाडूवाला म्हणून गेला. १९१५ च्या जानेवारीत वारला. आता त्याच्या मातीचं काय करायचं? हिंदू सैनिकांसाठी दहनाची जागा होती, तिथं त्याला घेतला नाही, कारण अस्पृश्य. मुसलमानांच्या दफनभूमीत घेतला नाही, कारण मुसलमान नव्हे. शेवटी गावच्या चर्चच्या पाद्र्यानं त्याला आपल्या आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड उभा केला. त्या दगडावर सुखाचं नाव आहे, त्याच्या बरेलीतल्या मोहल्ल्याचंसुद्धा नाव आहे. विलायतेत, साम्राज्याच्या लढाईत, मेल्यानंतर. त्याची जात सात समुद्र ओलांडून त्याच्या आधी जाऊन स्मशानाच्या फाटकावर उभी होती. हिंदुस्थानात एवढी युद्धस्मारकं आहेत. सुखाच्या तोडीचा एक दगड या देशात झाडूवाल्यासाठी उभा असलेला मी पाहिलेला नाही.

नगरच्या मैदानात एक गाडी आहे, तिच्यापुढं मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. शर्मन क्रॅब. पुढं आडवा गोल रूळ, त्याला जाड साखळ्या लटकवलेल्या. रूळ गरगर फिरला की साखळ्या जमीन बडवत जातात आणि जमिनीत पुरलेले सुरुंग माणूस पोचायच्या आधी फुटतात. आमच्या ब्लोरूममध्ये बीटर कापूस बडवतो, अगदी तसं. ही कल्पना १९४२ ला अल् अलामीनच्या लढाईत पहिल्यांदा वापरली, क्रॅब ही तिची सुधारलेली गाडी १९४४ ला नॉर्मंडीत उतरली. म्हणजे युद्ध सुरू झालं, सुरुंगात पायी जाऊन माणसं मरतात असं दिसलं, आणि दोन-चार वर्षांत यंत्र तयार. पैसा होता, इंजिनियर होते, घाई होती. कारण मरत होते ते आपले होते. आता गटारात या. हातानं मैला काढायला बंदी घालणारा नवा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, २०२३ च्या ऑक्टोबरात ते तीस लाख केले. मॅनहोल साफ करणारा रोबो केरळात २०१८ साली आला. यंत्र निघत नाही असं नाही. आणि तरी उद्याच्या पेपरात बातमी असेल, टाकीत उतरलेले दोघे गुदमरून मृत्युमुखी. विषारी वायूनं भरलेल्या भोकात माणूस सोडायचा आणि सुरुंगाच्या शेतात लोखंड सोडायचं, या दोन निर्णयांच्या मध्ये जी जागा आहे तिचं नाव जात. क्रॅबच्या पाटीवर हे लिहा अशी माझी मागणी नाही. पण क्रॅबपुढं उभं राहून हे न आठवणारा आंबेडकरवादी असेल तर त्यानं परत तिकीट काढून जावं.

आणि कापड? एवढ्या मोठ्या मैदानात मला माझा धागा कुठं सापडला नाही. लढाई लोखंडावर चालते तेवढीच सुतावर चालते. खाकी, तंबू, ताडपत्री, झोळ्या, पट्ट्या, जखमेवर बांधायचं कापड. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्या रात्रपाळी करकरून फौजेचं कापड काढत होत्या, मालक गब्बर झाले. कामगारानं महागाई भत्ता मागितला तर १९४० च्या मार्चमध्ये संप करावा लागला. त्याच्या आधी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क काढून घेणाऱ्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र रस्त्यावर उतरले होते. हा इतिहास आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. युद्धाचा इतिहास म्हणून कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी आपण जयंतीच्या भाषणातही सांगत नाही. रणगाड्याच्या पोलादाला कोळसा लागतो. १९४३ साली खाणींत मजूर कमी पडले म्हणून बायकांना जमिनीखाली कामाला लावायची बंदी सरकारनं उठवली. तेव्हा मजूर खात्याचे मंत्री बाबासाहेब होते. १९४४ च्या फेब्रुवारीत असेंब्लीत यावरनं गदारोळ झाला आणि त्यांना सरकारची बाजू मांडावी लागली. ही आणीबाणीची तात्पुरती सोय आहे आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी आहे असं त्यांनी सांगितलं. १९४६ ला बंदी परत आली. हे मी बाबासाहेबांना खाली ओढायला लिहीत नाही. उलट असं म्हणतो, की ज्या युद्धानं त्यांच्यासारख्या माणसाला ही बाजू मांडायला लावली, त्या युद्धाचं वजन किती टन होतं ते पाटीवरच्या आकड्यानं कळत नाही. झरियाच्या खाणीत उतरलेली ती बाई माटिल्डा रणगाड्याइतकीच त्या लढाईत होती. रणगाड्याला निदान बाईचं नाव तरी मिळालं.

पॅटनपाशी सगळे फोटो काढतात. आम्हीही काढला. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरला पाकिस्तानचे हे अमेरिकी पॅटन ढिगानं पडले. त्यांना फोडणाऱ्यांत जीपवर बसवलेल्या तोफेचा एक हवालदार होता, अब्दुल हमीद, चौथ्या ग्रेनेडियर्सचा, मरणोत्तर परमवीर चक्र. गाझीपूरकडच्या खेड्यातला, बाप शिंपी. त्याच्याकडं रणगाडा नव्हता, उघडी जीप होती. पोलादाची एवढी पूजा मांडलेल्या जागेत ही एक गोष्ट त्या पूजेच्या विरुद्ध साक्ष देते. म्युझियमनं आपल्याच पॅटनकडं नीट बघितलं असतं तर त्याला कळलं असतं, की इथला सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे ती गाडी नव्हे, तिला पडलेलं भोक.

आता आपल्याकडं वळतो, कारण परीक्षण दुसऱ्याचंच करायचं हा पांढरपेशा समीक्षकांचा धंदा. आपल्या कवितेत सुरुंग फार आहेत. तोफा आहेत, रणगाडे आहेत, रणशिंग तर दर दोन पानांनी वाजतं. मी गेल्या काही वर्षांतले आपल्या पोरांचे संग्रह चाळले, त्यांत प्रत्येक कवी सेनापती आहे. कुणी डोली वाहत नाही, कुणी पट्टी बांधत नाही, कुणाला तहान लागत नाही. म्हणजे हत्यारं आपण त्यांच्याच पागेतली उचलली आणि घोड्यावर आपण बसलो, एवढाच फरक. ज्यांचे बापजादे पखाल वाहत होते त्यांच्या कवितेत पाण्याचं वजन यायला पाहिजे होतं. भरलेली पखाल खांद्याला कशी कापते हे जगातल्या कुठल्या वीररसाच्या कवीला माहीत नाही, आपल्या घरात माहीत आहे. मी युद्धाच्या प्रतिमा टाकून द्या असं म्हणत नाही, आपलं जगणं युद्धच आहे. पण युद्धात आपण कुठं होतो ती जागा सोडून दुसऱ्याच्या जागेवरनं कविता लिहायची, तर ती कविता कितीही शिव्या देवो, ती शिलेदारीच.

फौजीच्या नातवाला मी परतताना विचारलं, आजोबा रेजिमेंटमध्ये नेमकं काय करायचे? हवालदार, तो म्हणाला. हुद्दा नको, काम सांग. त्याला माहीत नव्हतं. त्यानं घरी फोन लावला. आजी म्हणाली, आधी सहा वर्षं लंगरात होते, पोळ्या लाटायचे, नंतर बंदूक मिळाली. हे त्या घरात आजवर कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. भिंतीवर फोटो आहे तो बंदुकीसकट.

ज्यांच्या घरात असलं पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, पदक किंवा नुसती आठवण असेल, त्यांनी त्याची नक्कल या अंकाच्या पत्त्यावर पाठवावी. लष्करातलीच पाहिजे असं नाही. छावणीतला धोबी, दारूगोळ्याच्या कारखान्यातला हमाल, लष्करी इस्पितळातली आया, बंदरात माल चढवणारा, खाणीतली बाई, फौजेचं कापड काढणारा कामगार, सगळे चालतील. गाव, वर्ष आणि काम काय करत होते ते स्वच्छ अक्षरात लिहा. हुद्दा नसला तरी चालेल.